आधी मोजायचं सामान, मग बदलायचं: गाडीचा ईसीयू ट्यून करायला काय घ्यावं

पंपावर सगळीकडे ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आल्यापासून ॲव्हरेज पडलं म्हणून ओळखीतले लोक मला एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारतात. "ईसीयू ट्यून केला तर ॲव्हरेज परत येईल का? आणि येत असेल तर कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर शेवटी देतो. दुसरा आधी घेतो, कारण पैसे बुडतात ते तिथे. लोक केबल घेतात, सॉफ्टवेअर घेतात, कुणाकडून तरी फाइल मिळवतात आणि मग गाडीत नेमकं काय बदललं हे बघायला त्यांच्याकडे काहीच नसतं. माझं म्हणणं एवढंच आहे की मोजायचं सामान आधी घ्या. ते हाताशी असलं की बदलायचं सामान निवडणं पुष्कळ सोपं होतं आणि कित्येकदा ते घ्यावंच लागत नाही.

ईसीयूच्या डब्यात असतं काय?

ईसीयू म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर. बोनेट उघडलं की बॅटरीच्या आसपास किंवा काचेखालच्या जाळीत ॲल्युमिनियमचा एक चपटा डबा दिसतो, तोच. आत किती हवा येतेय, ती किती गरम आहे, तुम्ही पाय किती दाबलाय, हे सगळं सेन्सर त्याला सांगतात. त्यावरून इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा, ठिणगी कधी टाकायची, टर्बोने, म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्याने, किती दाब द्यायचा हे तो ठरवतो. चार सिलिंडरचं इंजिन ३००० आरपीएमवर फिरत असेल तर हा निर्णय त्याला सेकंदाला १०० वेळा घ्यावा लागतो.

एवढ्या घाईत तो सगळंच पहिल्यापासून मांडत बसत नाही. लग्नाच्या आचाऱ्याकडे वही असते, पन्नास पानांना डाळ किती, शंभर पानांना किती. सत्तर पानं आली तर तो दोन्ही आकड्यांच्या मधला अंदाज धरतो. ईसीयूकडे अशा शेकडो वह्या असतात. एका बाजूला आरपीएम, दुसऱ्या बाजूला इंजिनावरचा भार आणि चौकटीत आकडा. अशा तक्त्याला मॅप म्हणतात. हे आकडे वाचून, बदलून परत ईसीयूत लिहायचे, याला रीमॅप किंवा ट्यूनिंग.

नुसत्या आकड्यांनी किती फरक पडतो, हे जगाने सप्टेंबर २०१५ मध्ये पाहिलं. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्या चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरत्या स्वच्छ चालत आणि रस्त्यावर आल्या की वेगळ्या. जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांमध्ये ते सॉफ्टवेअर होतं. पाना-स्क्रू न लावता, फक्त त्या डब्यातल्या मजकुराने.

मग कंपनीनेच पूर्ण ताकद का दिली नाही?

कारण कंपनीला तीच गाडी लेहच्या थंडीत, नागपूरच्या मे महिन्यात, भेसळीच्या इंधनावर आणि एअर फिल्टर वेळेवर न बदलणाऱ्या मालकाकडेही चालवायची असते. वर धुराचे नियम आहेतच. त्यामुळे थोडी जागा राखलेली असते. टर्बो गाडीत ती बरी असते. साध्या, टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनात फारच थोडी, आणि तिथे रीमॅपवर पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

राखलेली जागा कुठली आणि मूळ सामानाचीच मर्यादा कुठली, हे मात्र ओळखता आलं पाहिजे. पुण्याजवळ रांजणगावला बनायचं ते फियाटचं १२४८ सीसीचं मल्टिजेट घ्या. पुंटोमध्ये हेच डिझेल इंजिन ७५ च्या आसपास अश्वशक्तीचंही मिळायचं आणि ९० च्या वरचंही. म्हणून कित्येकांनी गृहीत धरलं की फरक फक्त सॉफ्टवेअरचा. तसं नव्हतं. जास्त ताकदीच्या इंजिनाला पाती हलवता येणारा वेगळा टर्बो होता. साध्या टर्बोच्या इंजिनात आकडे वाढवून तीच ताकद मागितली की तो बिचारा टर्बो झेपेल त्याहून जोरात फिरत राहतो आणि काही महिन्यांनी तेल ओकायला लागतो.

सामान निवडायच्या आधी डब्यावरचं लेबल वाचा

लोक गाडीच्या नावावरून सामान शोधतात. शोधायचं असतं ईसीयूच्या नंबरावरून. एकाच मॉडेलमध्ये दोन वर्षांच्या अंतराने वेगळा ईसीयू येतो, कधी तर कंपनीच वेगळी, बॉशच्या जागी कॉन्टिनेंटल, डेन्सो किंवा मॅग्नेटी मरेली. डब्याच्या लेबलाचा स्वच्छ फोटो काढा. बॉशच्या डब्यावर ०२८१ ने सुरू होणारा नंबर असेल तर तो डिझेलचा, ०२६१ असेल तर पेट्रोलचा. त्याखाली किंवा स्कॅनरमध्ये घराणं कळतं: ईडीसी१७ म्हणजे डिझेलचं, एमईडी१७ पेट्रोलचं, एमजी१ त्याच्या पुढच्या पिढीचं.

हा फोटो हातात घेऊनच विक्रेत्याला विचारा, "नेमका हाच नंबर तुमच्या यंत्रात वाचता येतो का, लिहिता येतो का, आणि अर्धवट थांबलं तर परत उठवता येतो का?" तिन्हींना वेगवेगळं उत्तर मिळू शकतं. वाचता येतं पण लिहिता येत नाही, अशी घराणी आहेत.

आत शिरायच्या वाटा

पहिली वाट ओबीडी सॉकेटची. स्टिअरिंगखाली १६ पिनांचं जे सॉकेट असतं ते. अमेरिकेत १९९६ पासून ते सक्तीचं झालं आणि पुढे जगभर पसरलं. ६ आणि १४ नंबरच्या पिनांवर गाडीतले कॉम्प्युटर आपापसात बोलतात, १६ वर बॅटरी असते. काही उघडावं लागत नाही, म्हणून ही वाट सगळ्यांना आवडते.

दुसरी वाट टेबलावरची, तिला बेंच म्हणतात. ईसीयू गाडीतून काढून त्याच्या कनेक्टरला बाहेरून वीज आणि तारा जोडायच्या. तिसरी बूट. त्यात डबाच उघडून आतल्या सर्किटच्या पाटीवरच्या ठरावीक जागी टोक टेकवायचं. झाकण सिलंटने चिकटवलेलं असतं, ते गरम करून सोडवावं लागतं आणि परत नीट बंद केलं नाही तर पहिल्याच पावसाळ्यात आत पाणी. नव्या गाड्या ओबीडीची वाट बंद करत चालल्या आहेत, त्यामुळे पुढच्या काळात टेबलावरचं काम वाढणार.

या तिन्ही वाटांची यंत्रं बनवणाऱ्या कंपन्या मोजक्या आहेत. इटलीच्या एलियनटेकचं केस३, डिमस्पोर्टचं न्यू जीनियस, मॅजिक मोटरस्पोर्टचं फ्लेक्स, आणि लक्झेंबर्गचं ऑटोट्यूनर. अस्सल संच लाखांत जातो आणि बहुतेकांना वर्षाची वर्गणी असते. घेताना एक गोष्ट तपासाच, यंत्र मास्टर आहे की स्लेव्ह. स्लेव्ह स्वस्त पडतं, पण त्याने वाचलेली फाइल कुलूपबंद असते आणि किल्ली मास्टरवाल्याकडे. म्हणजे तुम्ही फक्त फाइल काढून पाठवणार, आकडे तो बदलणार. गॅरेज चालवणाऱ्याला हे सोयीचं असतं. शिकायचं असेल तर मात्र स्लेव्ह घेऊ नका.

अमेरिकेत राहणाऱ्यांचा मामला वेगळा. तिथे जनरल मोटर्स, फोर्ड, क्रायसलरच्या गाड्यांसाठी एचपी ट्यूनर्स रुळलेलं आहे, त्यात प्रत्येक गाडीमागे क्रेडिट विकत घ्यावे लागतात. सुबारूवाल्यांसाठी टॅक्ट्रिक्सची केबल आणि रॉमरेडर हे फुकट सॉफ्टवेअर. हौशी माणसाला शिकायला सुबारूइतकी मोकळी गाडी क्वचितच मिळेल.

आणि जुनी कार्ब्युरेटरची गाडी इंजेक्शनवर न्यायची असेल किंवा रॅलीसाठी बांधायची असेल, तर मूळ ईसीयूशी भांडायचंच नाही. स्पीडुइनो किंवा मेगास्क्वर्टसारखा स्वतंत्र ईसीयू लावायचा आणि ट्यूनरस्टुडिओने चालवायचा. तिथे सगळे तक्ते नावानिशी समोर उघडे असतात. ट्यूनिंग म्हणजे काय हे सगळ्यात नीट तिथेच कळतं.

सॉफ्टवेअर: गट नंबर नसलेला गावनकाशा

ईसीयूतून काढलेली फाइल दोन-चार एमबीची असते आणि उघडली की नुसते आकडे. गावाचा नकाशा हातात आहे, पण त्यावर एकही गट नंबर नाही, अशी अवस्था. कुठली जमीन कुणाची ते कळत नाही. सॉफ्टवेअर घेताना तुम्ही खरे पैसे मोजता ते या गट नंबरांचे. त्याला डेफिनेशन फाइल म्हणतात. इथून तिथवर टर्बोचा दाब, इथून तिथवर ठिणगीची वेळ, अमुक तक्त्याचं एकक अमुक, हे ती सांगते.

जर्मनीचं विनओएलएस या धंद्यात सगळ्यात जास्त वापरलं जातं. ते ताकदवान आहे, पण तक्ते स्वतः ओळखायला शिकावं लागतं, नाहीतर डेफिनेशन मिळवावी लागते. एलियनटेकचं ईसीएम टायटॅनियम तयार ड्रायव्हर, म्हणजे तक्ते आधीच ओळखून ठेवलेली फाइल देतं. सुरुवात सोपी जाते, पण ड्रायव्हरमध्ये जे तक्ते नाहीत ते तुमच्यासाठी अस्तित्वातच नसतात. आधुनिक ईसीयूत एका ताकदीवर पाच-सहा मर्यादा बसवलेल्या असतात: टॉर्कची (इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराची), धुराची, टर्बोच्या दाबाची, तापमानाची. त्यातली एक दिसली नाही आणि बाकीच्या वाढवल्या, की गाडी घाटात मध्येच ताकद सोडून देते आणि चेक लाइट लागतो. ट्यूनरप्रो स्वस्त आहे, जुन्या गाड्यांच्या डेफिनेशन लोकांनी मोकळेपणाने दिलेल्या आहेत. नव्या गाड्यांसाठी मात्र त्यावर विसंबू नये.

आणखी एक शब्द कानावर येईल, चेकसम. किराणा दुकानाच्या वहीत प्रत्येक पानाखाली बेरीज असते. वरचा एक आकडा खोडून बदलला आणि बेरीज तशीच ठेवली तर मालकाला लगेच कळतं. ईसीयूही तसंच तपासतो आणि बेरीज जुळली नाही तर गाडी सुरूच होऊ देत नाही. तुमच्या ईसीयू घराण्याचा चेकसम सॉफ्टवेअर किंवा यंत्र आपोआप दुरुस्त करतं का, हे लेखी विचारून घ्या.

"पण ऑनलाइन मिळणारं स्वस्त किटही चालतं की"

चालतं, चालेपर्यंत. मी हे अनुभवाने सांगतोय. काही वर्षांपूर्वी माझ्या जुन्या डिझेल हॅचबॅकवर अशाच एका नकली केबलने फाइल लिहायला घेतली होती. वाचताना सगळं सुरळीत झालं. लिहिताना साठ टक्क्यांच्या पुढे गेलं आणि रेडिएटरचा पंखा अचानक पूर्ण वेगाने फिरायला लागला. ईसीयूवर लिहिणं चालू असताना काही गाड्यांत असं होतं, हे मला माहीत नव्हतं. चार्जर लावलेला नव्हता. बॅटरीचा व्होल्टेज साडेबाराच्या आसपास होता, तो अकराच्या खाली आला आणि पट्टी तिथेच थांबली. नंतर किल्ली फिरवली तर स्टार्टरसुद्धा हलेना. गाडी टोचन करून न्यावी लागली.

ईसीयू दुरुस्त करणाऱ्याने पहिला प्रश्न विचारला, "मूळ फाइल आहे का?" ती मी आधीच दोन ठिकाणी ठेवली होती, म्हणून डबा उघडून बूटच्या वाटेने तो परत उठला. फाइल नसती तर दुसरा ईसीयू शोधा, चावीचा इम्मोबिलायझर (चोरी रोखणारं कुलूप) जुळवा, हे सगळं मागे लागलं असतं.

अस्सल यंत्रात अर्धवट थांबलेलं लिखाण परत सुरू करायची सोय असते, मागे फोन उचलणारा माणूस असतो. नकली यंत्र जुन्या आवृत्तीवर अडकलेलं असतं आणि सोबतचं सॉफ्टवेअर चोरीचं. शिवाय लॅपटॉपचा अँटिव्हायरस बंद करा, असं ज्या किटच्या सूचनांमध्येच लिहिलेलं असतं, ते किट मी आता कुणालाही घेऊ देत नाही.

मोजायचं सामान

पहिली वस्तू स्थिर वीज देणारा चार्जर. साधा रात्रभर लावायचा चार्जर उपयोगाचा नाही. सगळं चालू असताना व्होल्टेज तेराच्या आसपास धरून ठेवेल असा, पन्नास अँपिअरच्या घरातला हवा. सगळ्या यादीत हीच वस्तू लोक सगळ्यात आधी गाळतात.

दुसरी वस्तू लॉगर. लॉग म्हणजे गाडी चालू असताना सेन्सरच्या आकड्यांची सेकंदागणिक नोंद. हजाराच्या आतबाहेर मिळणारं ईएलएम३२७ जातीचं ब्लूटूथ यंत्र सुरुवातीला पुरतं. त्याने लिहिता येत नाही, वाचता येतं, आणि तेवढंच आधी हवं असतं. फोक्सवॅगन-स्कोडावाल्यांनी व्हीसीडीएस घ्यावं, फोर्डवाल्यांनी फोरस्कॅन. त्यांत कंपनीचे आतले आकडेही दिसतात.

लॉगने काय होतं? माझा मावसभाऊ मागे म्हणाला, "दादा, गाडीचा पिकअप गेलाय. रीमॅप करून घेतो, माणूस ठरवलाय." मी म्हटलं आधी एक चक्कर मारू. फोनवर दोनच ओळी लावल्या, ईसीयूने मागितलेला टर्बोचा दाब आणि प्रत्यक्ष मिळालेला. कात्रजच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये मागणी १.९ बार, मिळत होता १.५. खाली उतरून बोनेट उघडलं. टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या रबरी पाइपाला क्लॅम्पच्या अगदी कडेला बोटभर चीर होती, भोवती तेलाचा काळा ओला डाग. पाइप बदलला आणि पिकअप परत आला. त्या फाटक्या पाइपावर रीमॅप केला असता तर टर्बोला आणखी जोरात फिरायला सांगितलं गेलं असतं आणि अर्धी हवा तशीच बाहेर गेली असती.

तिसरी वस्तू, पेट्रोलसाठी, वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर. सायलेन्सरच्या पाइपातल्या धुरावरून हवा आणि इंधनाचं प्रमाण तो सांगतो. जुन्या गाडीतला साधा सेन्सर आमटी चाखून फक्त "खारट" किंवा "अळणी" एवढंच म्हणतो. वाइडबँड मीठ किती चिमूट जास्त ते सांगतो. पूर्ण पाय दाबल्यावर मिश्रण अळणी झालं, म्हणजे इंधन कमी पडलं, तर पिस्टन वितळू शकतो, आणि ते साध्या सेन्सरला नीट दिसत नाही. बॉशचा एलएसयू ४.९ हा सेन्सर बहुतेक मीटरांमध्ये असतो. बसवला तर त्याची वीज कधी बंद ठेवू नका, चालत्या गाडीत थंड राहिला की काजळी धरून खराब होतो. कित्येक नव्या टर्बो पेट्रोल गाड्यांत कंपनीचाच वाइडबँड असतो. तिथे वेगळा न घेता लॉगमधूनच आकडा घ्यावा.

पेट्रोलमध्ये आणखी एक ओळ बघायची, नॉकिंगमुळे, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन अवेळी पेटल्यामुळे, ईसीयूने ठिणगी किती मागे ओढली. एखाद्या सिलिंडरला वारंवार चार-पाच अंश मागे ओढावं लागत असेल तर तुमचं इंधन त्या मॅपला पुरत नाहीये, मग मॅप कितीही नावाजलेला असो.

पूर्ण ताकदीची चाचणी रस्त्यावर करू नये, त्यासाठी डायनो असतो. चाकं रोलरवर फिरतात आणि ताकद मोजली जाते. नुसत्या जड रोलरचा डायनो वेग वाढतानाची ताकद सांगतो. ब्रेक लावून एकाच आरपीएमवर धरून ठेवणाऱ्या डायनोवर मॅपची एकेक चौकट तपासता येते, ट्यूनिंगला तोच हवा. रीमॅपच्या आधीचा आणि नंतरचा आकडा एकाच यंत्रावरचा, एकाच दिवशीचा असेल तरच त्याला अर्थ आहे.

"गॅरेजवाला लॅपटॉप लावून अर्ध्या तासात करून देतो"

देतो, कारण तो तयार फाइल चढवतो. निरोगी गाडीवर चांगल्या ट्यूनरची तयार फाइल वाईट नसते. बहुतेक लोकांसाठी स्वतः लाखांचं सामान घेण्यापेक्षा हाच मार्ग शहाणपणाचा आहे. पण त्याला विचारा की चढवण्याआधी लॉग घेणार का, नंतरचा दाखवणार का, आणि माझी मूळ फाइल मला पेनड्राइव्हवर देणार का. तिन्हींना "हो" नसेल तर उठून यावं. सेन्सरच्या प्लगमध्ये खोचायच्या ट्यूनिंग बॉक्सची गोष्ट तर आणखी कच्ची. तो ईसीयूला खोटा दाब सांगून जास्त इंधन काढून घेतो. ईसीयूच्या सुरक्षेच्या मर्यादा त्या खोट्या आकड्यावरच चालत राहतात.

इंजिन सोसेल, गिअरबॉक्सचं काय?

हे फार कमी लोक विचारतात. स्कोडा-फोक्सवॅगनचा सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, डीक्यू२००, हा २५० न्यूटन मीटर टॉर्कसाठी बनवलेला आहे. जुन्या पोलो जीटी टीएसआयमध्ये इंजिन १७५ द्यायचं, म्हणजे मध्ये जागा होती. आजच्या १.५ टीएसआय स्लाविया किंवा व्हर्टसमध्ये त्याच गिअरबॉक्सला इंजिन कंपनीतूनच २५० देतं. तिथे टॉर्क वाढवणारी स्टेज वन, म्हणजे पहिल्या पायरीची फाइल चढवणं म्हणजे पहिल्या दिवसापासून मर्यादेच्या पलीकडे. शहराच्या ट्रॅफिकमध्ये सारखा अर्धवट दाबला जाणारा क्लच हे फार दिवस सोसत नाही.

वॉरंटी, कायदा आणि धूर

फाइल परत मूळची केली तरी कंपनीला कळू शकतं. फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांवर सर्व्हिस सेंटर गाडी ट्यून केल्याची टीडी१ अशी नोंद टाकतं आणि इंजिन-गिअरबॉक्सची वॉरंटी नाकारली जाऊ शकते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत नोंदणीपेक्षा वेगळे बदल करता येत नाहीत. कलम १८२अ मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये कलम ५२ बद्दल हीच भूमिका घेतली होती.

डीपीएफ, म्हणजे डिझेलची काजळी अडवणारी जाळी, "सॉफ्टवेअरमधून बंद करून देतो" असं कुणी म्हणालं तर कृपा करून नाही म्हणा. ती काजळी तुमच्या मागच्या स्कूटरवरच्या मुलाच्या छातीत जाते. जाळी वारंवार तुंबत असेल तर इंजेक्टर, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारी झडप) किंवा रोजच्या फार छोट्या फेऱ्या, यांपैकी काहीतरी कारण असतं. ते लॉगमध्ये सापडतं.

मग ई२० साठी ट्यून करावा का?

शुद्ध पेट्रोलचा एक किलो नीट जळायला १४.७ किलो हवा लागते, ई२० ला साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी इंधन नऊएक टक्के जास्त. गाडी ई१० वर जुळवलेली असेल तर चार-पाच टक्केच. ऑक्सिजन सेन्सर असलेली कुठलीही गाडी हा फरक चालता चालता स्वतः भरून काढते. लॉगमध्ये "लाँग टर्म फ्युएल ट्रिम" नावाची जी टक्केवारी दिसते, ती हीच.

ॲव्हरेज पडतं त्याचं कारण मॅप नाही. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांशच ऊर्जा असते, आणि जी ऊर्जा टाकीत आलीच नाही ती कुठलंही सॉफ्टवेअर काढून देऊ शकत नाही. जुन्या गाडीतले रबरी पाइप आणि सील इथेनॉलला टिकणारे नसतील तर तेही फाइलने सुधारत नाहीत, ते बदलावे लागतात.

म्हणून ॲव्हरेजसाठी ट्यूनिंगचा विचार असेल तर आधी ते हजार रुपयांचं ब्लूटूथ यंत्र लावा. इंजिन गरम झाल्यावर अर्धा तास गाडी चालवा आणि लाँग टर्म ट्रिम बघा. अधिक चार ते आठ टक्के दिसलं तर ईसीयूने ई२० साठी जे करायचं ते केव्हाच केलेलं आहे. अधिक अठरा-वीस दिसलं तर मॅपला हात लावू नका. फ्युएल पंपाचा दाब तपासा, फिल्टर बघा आणि इनटेकच्या पाइपांवर कुठे चीर आहे का ते बोटाने चाचपडून बघा.